वैनगंगेकाठचा तुर्कमेन

आमच्या स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आधी तुर्कमेन यायचे आणि मग भाजी. नवीन आलेल्या माणसाला हे कळायला थोडे दिवस लागायचे. तो बिचारा वरणाची वाटी पुढ्यात घेऊन चमचा शोधत असायचा, आणि समोरून सर आपला चमचा त्याच्यापुढे धरून विचारायचे, हे काय आहे, ठाऊक आहे का? चमचा, असं उत्तर आलं की सर खूष. चमचा हा शब्द तुर्कांचा. चाकू त्यांचा, कैची त्यांची, बावर्ची त्यांचा, तोफ त्यांची. पोलीस ठाण्यात लिहून घेतात तो मुचलकासुद्धा त्यांचाच. सकाळी कांदा चिरण्यापासून ठाण्यात सही करण्यापर्यंत आपलं त्यांच्यावाचून पान हलत नाही, असं सरांचं म्हणणं. आमचे कॉमर्सचे सहकारी एकदा म्हणाले की प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून राहणारे चमचेही मग तिकडूनच आले असतील. सरांच्या कानापर्यंत तो विनोद गेलाच नाही. तुर्क ही मोठी जात आणि तुर्कमेन ही तिच्यातली एक शाखा, हे त्यांनी समजावून सांगायला घेतलं, आणि पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा ते जेमतेम कास्पियन समुद्राच्या काठाशी पोचले होते. त्यांचा डबा तसाच झाकण लावून परत गेला.

सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. आमचं कॉलेज वैनगंगेपासून जवळच एका तालुक्याच्या गावी. मी मूळची बल्लारपूरची, पेपर मिलच्या भोंग्यावर वाढलेली, त्यामुळे आजूबाजूचं हे सगळं धान आणि जंगल मला सुरुवातीला परकंच होतं. सर कुरखेड्याकडच्या एका खेड्यातले. उंच, वाळकुडे, रंगानं काळे, कान मोठे. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की थेट गावची भाषा. मला ते 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'सर'. बाकी सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे 'तुर्कमेन सर' म्हणायचं. समोरही म्हणालं असतं तरी चाललं असतं, त्यांना तो सन्मान वाटला असता.

धानाच्या बांधीत चिखल तुडवत मोठा झालेला माणूस तुर्कमेनांच्या नादाला कसा लागला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. पीएच.डी. करायला नागपूरला गेले तेव्हा प्रत्येक राजा, प्रत्येक किल्ला, प्रत्येक चळवळ कुणी ना कुणी आधीच घेऊन बसलेलं. जे विषय मोकळे होते ते मोकळे का आहेत, हे मार्गदर्शकांनी त्यांना दार लावून समजावलं. या विषयावर लिहिलंस तर हे लोक चिडतील, त्यावर लिहिलंस तर ते लोक कॉलेजवर येतील. शेवटी बरंच डोकं खाजवून ते म्हणाले, मध्ययुगीन दख्खनच्या कारभारात तुर्कमेनांचं योगदान, हा विषय घे. त्यांचा विदर्भात एकही मतदार नाही. कुणाच्या भावना दुखावणार नाहीत.

"म्हून घेतला," सर मला म्हणाले होते. "सुरक्षित होता. आता घेतला तं घेतला, मनातच बसले ते लोक."

बसले म्हणजे कायमचेच बसले. सरांच्या बोलण्यातून जे ऐकायला मिळालं ते खरं सांगायचं तर कंटाळवाणं नव्हतं. पंधराव्या शतकात इराणच्या बाजूला तुर्कमेनांच्या दोन मोठ्या टोळ्या होत्या, एक काळ्या मेंढीवाल्यांची आणि दुसरी पांढऱ्या मेंढीवाल्यांची. पांढऱ्यांनी काळ्यांचं राज्य बुडवलं. मग काळ्या मेंढीवाल्यांपैकी एक तरुण जीव वाचवून दख्खनेत आला, बहमनी दरबारात चाकरीला लागला, आणि त्यानंच पुढे गोवळकोंड्याचं राज्य उभं केलं. त्याच्या घराण्यानं तलाव बांधले, शहर वसवलं, दखनीत कविता केल्या, तेलुगू कवींना पदरी ठेवलं. मोगलांकडे गेलेल्या तुर्कमेनांनी सेना सांभाळल्या, सुभे सांभाळले. हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे, आणि मी मराठीची आहे.

पण सर तेवढ्यावर थांबत नसत. काळी मेंढी आणि पांढरी मेंढी हे त्यांना जग मोजायचं माप मिळालं होतं. पांढरी मेंढी म्हणजे जिंकलेली, खुर्चीत बसलेली. काळी मेंढी म्हणजे हाकललेली, पण जाईल तिथे काम उभं करणारी. अख्ख्या स्टाफची त्यांनी अशी वाटणी केली होती. प्राचार्य अर्थातच पांढरे. मी काळी, हे मला त्यांनी माझी परीक्षाच घेतल्यासारखं बराच विचार करून सांगितलं. शिपाई, आपण काळ्यांत आहोत हे ऐकून, सर रंगावरून बोलले असं समजला आणि आठवडाभर त्यानं सरांना चहा दिला नाही.

आमच्या भागात बदलीवर येणारा प्रत्येक माणूस आल्या दिवसापासून परत जायच्या तयारीत असतो. गडचिरोली जिल्हा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा वाटते, आणि नागपूरच्या माणसालाही वेगळं काही वाटत नाही. एक नवे प्राध्यापक नागपूरहून आले होते. रोज दुपारी फोनवर कुणाला तरी सांगायचे की इथे आपलं आयुष्य वाया चाललंय. सरांनी ते बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तो माणूस हमदानहून निघाला," सर शांतपणे म्हणाले, "घोड्यावर, जहाजावर, पायी. गोवळकोंड्याले पोचला न् राज्य उभं केलं. तुमी नागपूरहून एसटीनं आले, तेबी बसाले जागा भेटली, न् रडून राह्यले."

ते प्राध्यापक पुढच्या सत्रात बदली करून गेले. जाताना निरोप समारंभात त्यांनी सरांचा उल्लेख टाळला.

टोपीचं प्रकरण त्यानंतरचं. सरांनी कुठून तरी मेंढीच्या लोकरीची, केसाळ, घमेल्याएवढी तुर्कमेनी टोपी मागवली. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर चपलांना चिकटतं. सर म्हणायचे की ते लोक वाळवंटात ही घालतात, लोकर ऊन आत येऊ देत नाही. प्रयोग म्हणून मे महिन्यात ती घालून ते चामोर्शीच्या आठवडी बाजारात गेले. बाजारातून त्यांना रिक्षात घालून आणावं लागलं. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, त्यांनी ती टोपी नंतर मांजरीला झोपायला दिली. नदीच्या रेतीत लोक डांगराच्या वाड्या करतात तशी सरांनी एक वर्ष तुर्कमेनी खरबुजांची वाडीही केली होती. फळं लागली, आम्हा सगळ्यांना वाटली. चवीला ती काकडीसारखी होती, पण सर खाणाऱ्याच्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होते की कुणाच्यानं ते बोलवेना.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि तसंच चालत राहिलं असतं. पण मध्ये एक निवडणूक आली.

निवडणुकीच्या कामाला आम्हा सगळ्यांनाच जावं लागतं. सरांना तालुक्यातल्याच एका गावी मतदान केंद्र मिळालं. गावाला मोठा तलाव, आणि ढिवरांची बरीच घरं. तलाव त्यांच्या मच्छीमार सोसायटीकडे, त्यावरच त्यांचं पोट. सर सकाळी तोंड धुवायला तलावाच्या पाळीवर गेले आणि तिथे त्यांना चिंचेखाली एक दगड दिसला. शेंदूर लावलेला, गुडघ्याएवढा, जमिनीत थोडासा रुतलेला. गावातले लोक त्याला मेंढोबा म्हणत. जाळं टाकण्याआधी काठावरून गळानं धरलेली पहिली मासोळी त्याला दाखवायची आणि मग पाण्यात उतरायचं, एवढाच त्याचा मान. देऊळ नाही, जत्रा नाही, पुजारी नाही.

मतदान आटोपून सर कॉलेजात आले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत काहीच बोलले नाहीत. मी घाबरले. चमच्यावर तासभर बोलणारा माणूस गप्प बसला की काहीतरी झालंय हे कळतं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. दोन फोटो होते. एक पाळीवरच्या दगडाचा. दुसरा कुठल्या तरी परदेशी पुस्तकातला, आझरबैजानकडच्या जुन्या थडग्यांचा. तिकडे तुर्कमेन सरदारांच्या थडग्यांवर दगडी मेंढे बसवत. गोल मुरडलेली शिंगं, आखूड पाय, पाठ सपाट. मला इतिहासातलं काही कळत नाही, पण ते दोन मेंढे एकाच हातानं घडवल्यासारखे होते.

सरांचे डोळे भरून आले होते. ते हळू आवाजात सांगत होते की गोवळकोंड्याच्या चाकरीतला कुणी एक गोदावरी ओलांडून चांद्याच्या राजाकडे आला असेल, तलावाचं काम करवून घेतलं असेल, इथेच मेला असेल. इतकी वर्षं आपण पुस्तकांत शोधत होतो आणि हा इथे, आपल्याच तालुक्यात, ढिवरांच्या मासोळ्या बघत बसला होता. जेवणाची सुट्टी संपली तरी ते तसेच बसून होते.

त्या वर्षी आमच्या कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं होतं. मूल्यांकनाला एक राष्ट्रीय चर्चासत्र झालेलं असलं की बरं असतं, आणि राष्ट्रीय म्हणजे बॅनरवर तसं लिहावं लागतं. प्राचार्यांना विषय हवा होता, सरांकडे तो तयारच होता. 'दख्खनच्या कारभारात व सांस्कृतिक जीवनात तुर्कमेनांचे योगदान.' बाहेरून कुणीच यायला तयार होईना, तेव्हा निबंध आम्हालाच वाटून देण्यात आले. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना खरबूज मिळालं. खेळाच्या सरांना घोडेस्वारी मिळाली, ज्यांनी जन्मात घोडा वरातीतच पाहिला होता. कॉमर्सवाल्यांनी महसूल व्यवस्थेवर लिहिलं आणि त्यात मधूनच जीएसटी आला. मी शब्दांवर वाचलं, चाकू-कैचीसकट. जेवणात मसालेभात आणि जिलेबी असल्यामुळे विद्यार्थी शेवटपर्यंत होते, आणि त्याच कारणानं तालुक्याच्या पेपरचा वार्ताहरही होता.

सर शेवटी बोलले. पडद्यावर दोन्ही मेंढे शेजारी शेजारी लावले आणि सांगितलं की हे आपल्या तालुक्यातलं तुर्कमेनाचं थडगं असण्याचा दाट संभव आहे. 'संभव' या शब्दावर त्यांनी जोर दिला होता, मला चांगलं आठवतं. टाळ्या वाजल्या. त्यांच्या आयुष्यातल्या त्या पहिल्या मोठ्या टाळ्या असाव्यात, कारण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. मथळा एका स्तंभात बसवायचा होता. 'तुर्कमेन' बसत नव्हतं म्हणून वार्ताहरानं शेवटची दोन अक्षरं काढली. संभव वगैरे तर बसण्याचा प्रश्नच नव्हता. 'तलावाच्या पाळीवर तुर्काची कबर', एवढंच छापून आलं.

संध्याकाळपर्यंत तो मथळा तालुकाभर प्रत्येक मोबाइलमध्ये होता. आमच्याकडे एक तरुण नेते होते, ज्यांना बरेच दिवस विषय मिळाला नव्हता. ते पोरांना घेऊन गाड्यांवरून पाळीवर गेले. आपल्या तलावावर परक्या आक्रमकाची कबर कशाला, ती उखडा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते सगळं मोबाइलवरून थेट सगळ्यांना दाखवलं. मग जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्या बाजूचे काही लोक गाडी करून आले. त्यांच्यातल्या कुणी हे गाव याआधी पाहिलेलं नव्हतं, पण आमच्या बुजुर्गाची मजार आहे, तिला कुंपण घाला, फलक लावा, आमची कमिटी नेमा, अशी त्यांची मागणी. दोन्ही बाजूंना पाळीवर जाण्याची वाट गावातल्याच लोकांना विचारावी लागली.

प्रशासनानं मग प्रशासन करतं ते केलं. पाळीवर पोलिसांची जाळीची गाडी आणि बंदोबस्त आला, निर्णय होईपर्यंत तलावाजवळ कुणीही जायचं नाही असा हुकूम निघाला. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या घरी गेले. त्यांना तलावावर दुसरं काही काम नव्हतंच. ज्यांना होतं ते ढीवर तेवढे अडकले. मासोळी धरायचे ते दिवस होते, आणि जाळी घराघरांत खुंटीला टांगलेली.

सोसायटीच्या अध्यक्ष शेवंताबाई म्हणून होत्या. आडव्या बांध्याच्या, बोलायला हळू. त्या चार बायांना घेऊन सरांच्या घरी आल्या त्या दिवशी मी तिथेच होते. सर गेले काही दिवस झोपलेले दिसत नव्हते. त्यांना वाटलं या भांडायला आल्या. त्या भांडल्या नाहीत. शेवंताबाईंनी पाणी घेतलं, गावातलं सांगितलं, कोण मजुरीला गेलं, कोण तेलंगणात मिरची तोडायला जायचं म्हणतंय ते सांगितलं. सर खाली बघून ऐकत होते. मग ते म्हणाले की तो दगड फार मोलाचा आहे, तसा आपल्या देशात दुसरा असेल की नाही सांगता येत नाही.

"असंन सर," शेवंताबाई म्हणाल्या. "आमी नाई म्हणत नाई. पण तो इतके दिवस निजून होता, न् आमी पोट भरत होतो. तुमी त्याले उठवलं. आता तुमीच निजवा."

त्या गेल्यावर सर बराच वेळ अंगणात उभे होते.  

तहसीलदारांनी कॉलेजला पत्र पाठवून विषयतज्ज्ञ मागितला होता. विषयतज्ज्ञ एकच होता. ठरलेल्या दिवशी पाळीवर मोठी गर्दी झाली. तहसीलदार, ठाणेदार, नेते आणि त्यांची पोरं, जिल्ह्याहून आलेली मंडळी, वार्ताहर, आमचे प्राचार्य, आम्ही काही जण, आणि लांब बांधावर बसलेले ढीवर. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते दगडापाशी गुडघ्यावर बसले. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, शेंदूर बोटानं बाजूला केला, शिंगांवरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवला. फार सावकाश. आपल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मी शेजारीच उभी होते म्हणून मला दिसलं. शिंगाच्या मुरडीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग ते उठले, हात रुमालाला पुसले, आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "हा मेंढा नाही. ही कबर नाही. कुणा पाथरवटानं काहीतरी घडवायला घेतलं, ते बिघडलं, त्यानं टाकून दिलं. असा हा दगड आहे."

 नेत्यांना त्यांचा विषय हातचा जाताना दिसत होता. ते म्हणाले की मग नंदी असेल, आपण इथे देऊळ बांधू. सर म्हणाले, नंदीला वशिंड असतं, याला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणाले की निदान कुणा अवलियाची जागा तरी असेल. सर म्हणाले, तसं काहीही नाही. नेते चिडले.

"मंग पेपरात काऊन सांगतलं तुमी?"

"चुकलो," सर म्हणाले. आता ते आपल्या भाषेवर आले होते. "मले सगळीकडं तुर्कमेनच दिसते. रोग आहे तो. आमच्या कॉलेजात कोनालेबी इचारा."

आमच्या कॉलेजला विचारायची गरज पडली नाही, कॉलेज आपण होऊनच पुढे आलं. प्राचार्यांनी हसत हसत चमच्याची गोष्ट सांगितली. कॉमर्सवाल्यांनी टोपीची सांगितली, बाजारातून रिक्षात घालून कसं आणलं ते अभिनयासकट. खेळाच्या सरांनी खरबूज सांगितलं. नेत्यांची पोरं खदाखदा हसायला लागली. दुसऱ्या बाजूची मंडळीही हसली. त्या दोन्ही बाजू एकत्र हसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. ठाणेदार तोंडावर रुमाल धरून पाण्याकडे बघत होते. सर मधोमध उभे होते, आणि कुणी काही विसरलं तर तेच आठवण करून देत होते.

तहसीलदारांना मात्र लेखी हवं होतं. दगडाचा इतिहास काय ते लिहून दिलं तर फायलीला लावता येतं, पण इतिहास नाही हे कसं लिहायचं, यावर तिथेच अर्धा तास खल झाला. शेवटी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की सदर दगडास कोणताही इतिहास आढळून येत नाही. खाली सही, हुद्दा, पीएच.डी. तहसीलदारांनी वाचून समाधानानं मान हलवली. संध्याकाळच्या आत जाळीची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंच्या लोकांनी मेंढोबाला पुन्हा शेंदूर लावला, पहिली मासोळी दाखवली आणि पाण्यात उतरले.

सरांचं काय झालं ते सांगायला हवं. चर्चासत्राचे निबंध पुस्तकरूपानं छापले तेव्हा त्यांचा निबंध वगळला. लेखकानंच तो चुकीचा असल्याचं लिहून दिल्यावर छापणार कसा, असं प्राचार्य म्हणाले, आणि त्यात तसं खोटं काही नव्हतं. घोडेस्वारी आणि खरबूज छापून आले. त्याच पुस्तकावर कॉलेजला मूल्यांकनात बरे गुण मिळाले. सर निवृत्त होईपर्यंत नवा माणूस कॉलेजात आला की त्याला दगडाची गोष्ट सांगितली जायची, आणि सर समोरच बसलेले असले तरी सांगितली जायची. ते डबा खात असत. जेवताना ते आता पावसापाण्यावर बोलू लागले होते, आणि खरं सांगते, ते ऐकायला फार कंटाळवाणं होतं.

गेल्या वर्षी सरांचा फोन आला. हैदराबादहून एक मुलगी आली आहे, गोवळकोंड्याच्या तुर्कमेनांवर संशोधन करते, तुम्ही सोबत याल का, असं विचारत होते. मी गेले. मुलगी तरतरीत होती, हिंदीतून बोलत होती. तिनं सरांचा जुना प्रबंध कुठल्याशा ग्रंथालयात शोधून काढून पूर्ण वाचला होता. तो प्रबंध सरांखेरीज कुणी वाचला असेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. ती त्यातली पानं सांगून प्रश्न विचारत होती, कुठे सर चुकले तेही सांगत होती, आणि सर प्रत्येक चूक ऐकून आनंदत होते. हमदान, बिदर, गोवळकोंडा, मोगलांचे सुभे. तिच्या भाड्याच्या गाडीतून आम्ही दिवसभर हिंडलो. सरांनी तिला नदी दाखवली, जुनी देवळं दाखवली, एक पडका बुरूज दाखवला ज्याचा तुर्कमेनांशी काडीचाही संबंध नव्हता, आणि तसं सांगितलंही. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपारी तिनं विचारलंच. कुठल्या तरी पेपरात तिनं एक जुनी बातमी वाचली होती, इथल्या तलावावर मेंढ्याच्या आकाराचा दगड आहे म्हणून. सर म्हणाले, पेपरवाल्यांचं काय सांगावं, तहसीलदारांनी चौकशी केली, काही निघालं नाही. तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी खोडलं.

परतीच्या वाटेवर तो तलाव उजव्या हाताला लागतो. पाळ रस्त्यावरूनच दिसते, चिंचही दिसते. गाडी तिथे आली तेव्हा सरांनी तिला डाव्या हाताची राईस मिल दाखवली. कोंडा कुठून बाहेर पडतो, तांदूळ कुठे जातो, हे खिडकीतून बोट दाखवून इतक्या तपशिलात सांगितलं की तिला उजवीकडे बघायला सवडच मिळाली नाही. मी बघितलं. पाण्यात ढिवरांचे दोन डोंगे होते.

आम्हाला दोघांना स्टँडवर उतरवून ती निघाली. उतरताना ती सरांच्या पाया पडली. गाडी वळणाआड गेली तरी सर हात वर करून उभेच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी लय हुशार आहे, बाई. दाखवला असता तं पाह्यल्याबरोबर वळखला असता तिनं."